कॅम्पस रेडिओचे श्रोते वाढतच नाहीयेत, पॉवर वाढवून काही होईल का?

स्टुडिओ_दोन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो, आज शेवटी लिहायला बसलोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजचं छोटं एफएम स्टेशन आहे. ट्रान्समीटर ५० वॉटचा, अँटेना मेन बिल्डिंगच्या गच्चीवर, सकाळी ३ तास आणि संध्याकाळी ४ तास प्रक्षेपण. मी दोन वर्षं कार्यक्रमांचं बघतोय. पोरं खरंच जीव ओतून काम करतात हो, एका मुलाखतीसाठी चार चार चकरा मारतात, रात्री उशिरापर्यंत एडिटिंग करत बसतात, आणि मग कार्यक्रम ऑन एअर जातो आणि पुढे काहीच होत नाही. ना फोन ना मेसेज. मागच्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, आपल्याला खरंच कोणी ऐकतं का?" मला उत्तर देता आलं नाही आणि ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

परिस्थिती अशी आहे की मागच्या बाजूच्या हॉस्टेलला खरखर येते, गेटच्या बाहेर थोडं पुढे गेलं की आमच्या जवळच्या फ्रिक्वेन्सीवरचं मोठं स्टेशन आमच्यावर चढतं, आणि बहुतेक मुलांच्या फोनमध्ये एफएमच नाही, असलं तरी वायरवाला हेडफोन कोणाकडे आहे आता. परवान्यात १०० वॉटपर्यंत मुभा आहे, म्हणून ट्रान्समीटर बदलायचा प्रस्ताव तयार केलाय. फंड एकदाच मिळणार आहे, परत कोणी विचारणार नाही. तो ट्रान्समीटरमध्येच घालावा का? ज्यांनी असं स्टेशन चालवलंय त्यांनी प्लीज सांगा.

डायपोल_काका

प्रस्ताव आजच्या आज थांबवा, मग पुढचं वाचा.

५० चे १०० वॉट केले तर तुम्हाला मिळतात ३ डीबी (डेसिबल, सिग्नलची ताकद किती पट झाली ते मोजायचं माप). कागदावर दुप्पट दिसतं पण ऐकणाऱ्याला फरक जेमतेम कळतो, जिथे खरखर अगदी काठावर आहे तिथे सुधारेल, बाकी ठिकाणी होतं तसंच. मोकळ्या अवकाशातसुद्धा अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते, आणि जमिनीलगत, म्हणजे जिथे सरळ आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर एकमेकींना मारतात, तिथे हिशोब सोळा पटीच्या जवळ जातो. त्याउलट अँटेनाची उंची दुप्पट केली तर साधारण ६ डीबी मिळतात, म्हणजे चौपट पॉवर केल्यासारखं, आणि विजेचं बिल तेवढंच. अर्थात उंचीवर परवान्याची मर्यादा असते, ती आधी बघा. अमेरिकेतल्या लो पॉवर एफएमची चौकटच १०० वॉट आणि ३० मीटर उंची अशी आहे आणि त्यातून चांगल्या दर्जाचा सिग्नल साधारण साडेपाच किलोमीटरपर्यंत धरतात. म्हणजे १०० वॉट हा आकडा काही जादूचा नाही.

आता मला सांगा, ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंत केबल कुठली आहे आणि किती मीटर? हे कोणीच सांगत नाही कारण कोणी बघितलेलंच नसतं. जर ती बारीक आरजी-५८ असेल तर १०० मेगाहर्ट्झच्या आसपास दर १०० मीटरला १६ डीबीच्या घरात ती खाते. ३० मीटर केबल धरली तर जवळपास ५ डीबी गेले, म्हणजे तुमच्या ५० वॉटमधले १६-१७ वॉटच वर पोचतायत, बाकी केबल गरम करतायत. तिथेच जाड लो-लॉस केबल टाकली तर ३७-३८ वॉट पोचतील. म्हणजे ट्रान्समीटरला हात न लावता दुप्पट झालं की नाही?

दुसरं म्हणजे गच्चीवर चढून कनेक्टर उघडून बघा. पाणी शिरलेलं असतं, तांबं हिरवं पडलेलं असतं. एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली पॉवर किती परत येते ते दाखवणारा, कोणाकडून तरी मागून आणा. रीडिंग १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. रीडिंग ३ आलं तर चौथा हिस्सा पॉवर अँटेनातून परत येतेय असं समजा, आणि बरेच ट्रान्समीटर अशा वेळी स्वतःला वाचवायला आपोआप पॉवर उतरवतात, समोरच्या पॅनेलकडे कोणाचं लक्ष नसेल तर वर्षानुवर्षं कळत नाही.

तिसरं, स्टीरिओ बंद करा. हे बोललो की मुलं नाराज होतात पण तुमचा निम्म्याहून जास्त वेळ बोलण्याचा असणार. कमकुवत सिग्नलला स्टीरिओमध्ये मोनोपेक्षा (मोनो म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज) २० डीबीच्या आसपास जास्त खरखर येते. मागच्या हॉस्टेलचा प्रश्न कदाचित या एका स्विचने सुटेल, पैसे शून्य. त्याच वेळी आवाजाची पातळी सारखी राहील असा एक बरा लिमिटर लावा, कारण मुलं कधी माइक तोंडात घालतात कधी हातभर लांब धरतात, आणि हळू आवाज आला की ऐकणारा सिग्नल कमी आहे असंच समजतो.

गेटबाहेरच्या मोठ्या स्टेशनचं मात्र काही करता येणार नाही. एफएमचा गुणच तो आहे, दोन सिग्नल जवळ आले की ताकदवान तेवढा रिसीव्हर पकडतो. तिकडे पैसे घालू नका.

ऐकतंय_कोण

काकांचं तांत्रिक सगळं बरोबर असेल, मला त्यातलं कळत नाही. पण स्टुडिओ दोन, तुमच्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट खटकली, तुम्ही श्रोता म्हटलं की फक्त विद्यार्थीच धरलाय.

मी अशाच एका स्टेशनवर चार वर्षं होते. आम्हीपण पहिली दोन वर्षं मुलांच्या मागे धावलो. मुलांना आवडेल ते संगीत, मुलांची भाषा, मुलांचे विषय. आणि मुलांकडे रेडिओच नव्हता! त्यांच्या खिशात जगातलं सगळं संगीत आहे, आमची त्याच्याशी काय स्पर्धा. मग एकदा रात्री उशिरा स्टुडिओ बंद करून निघाले तर गेटवरच्या केबिनमध्ये आमचंच रेकॉर्डिंग चालू. सिक्युरिटीचे काका म्हणाले, रोज लावतो, पण तुम्ही ते इंग्रजी गाण्यांचं लावता तेव्हा बंद करतो. मी तिथेच थांबले आणि अर्धा तास बोलत बसले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही रेडिओ कोणाकडे आहे हे शोधायला निघालो. सिक्युरिटी, वर्कशॉपमधले लोक, बागकाम करणारे, बस आणि गाडीचे ड्रायव्हर, स्वयंपाकघरातली माणसं, स्टाफ क्वार्टर्समधल्या निवृत्त झालेल्या आजी-आजोबा मंडळी. हे सगळे हाताने काम करता करता ऐकणारे लोक, डोळे कामात आणि कान मोकळे. साध्या बटणवाल्या फोनमध्ये एफएम असतो हे आम्ही विसरूनच गेलो होतो. आमचा श्रोता आमच्या शंभर पावलांवर होता आणि आम्ही त्याच्याशी कधी बोललोच नव्हतो, मला आजही त्याचं वाईट वाटतं.

मग आम्ही त्यांनाच माइकपुढे आणलं. बागेतल्या मावशींनी झाडांबद्दल सांगितलं, ड्रायव्हरकाकांनी रात्रीच्या ड्युटीबद्दल. ज्या दिवशी एक माणूस रेडिओवर येतो ना त्या दिवशी त्याचं घर, शेजार, सोबत काम करणारे सगळे ऐकतात, आणि त्यातले काही टिकतात. जाहिरातीचा एवढा चांगला प्रकार मला दुसरा माहीत नाही. आणि नुसतं पाहुणा म्हणून एकदा बोलावून सोडून द्यायचं नाही, आमच्याकडे पुढे एक कार्यक्रम पूर्णपणे कर्मचाऱ्यांनीच चालवला, आमची मुलं फक्त रेकॉर्डिंगला बसायची.

तुम्ही त्या मुलीला घेऊन एक संध्याकाळ फक्त फिरा. एक छोटा रेडिओ हातात घ्या, तुमचं स्टेशन लावा आणि प्रत्येक इमारतीत, प्रत्येक केबिनपाशी जा. कुठे ऐकू येतं ते कळेल आणि कोण ऐकतं तेही कळेल. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःला शोधू द्या.

बफरिंग_चालू_आहे

मी थोडं वेगळं बोलणार. माझ्या मते एफएममध्ये आता एक पैसाही घालू नये, सरळ ऑनलाइन स्ट्रीम करा. एक जुना कॉम्प्युटर, ऐकणाऱ्यांपर्यंत आवाज पोचवणारा आइसकास्ट सर्व्हर, स्टुडिओतला आवाज त्या सर्व्हरला पाठवणारं बट नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर, झालं काम. ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिट) एएसी प्लस, म्हणजे आवाज कमी डेटात बसवायच्या पद्धतीतला, स्ट्रीम बोलण्याला आणि गाण्याला दोन्हीला पुरतो आणि तासाला साधारण २९ एमबीच डेटा जातो. माजी विद्यार्थी कुठेही असोत ऐकू शकतात, ज्यांच्या फोनमध्ये एफएम नाही ती मुलं ऐकू शकतात, खरखर नाही की मोठ्या स्टेशनची दादागिरी नाही.

मी आमच्या कॉलेजला हे बसवलं तेव्हा जे भोगलं ते सांगून ठेवतो म्हणजे तुमचे दिवस वाचतील. आइसकास्ट सहसा ८००० नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कमधलं नंबर दिलेलं दार) चालतो आणि कॅम्पसचा फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरचा पहारेकरी, तो पोर्ट अडवतो, त्यामुळे जगात सगळीकडे ऐकू येत होतं आणि आमच्याच हॉस्टेलच्या वायफायवर नाही, हे कळायला आम्हाला पूर्ण सेमिस्टर लागलं. स्ट्रीम ४४३ पोर्टवरून एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित वेबसाइट ज्या वाटेने येतात त्याच वाटेने, द्या, नाहीतर वेबसाइट सुरक्षित आणि स्ट्रीम साधा असला की ब्राउझरसुद्धा तो वाजू देत नाही.

आकडे बघताना पण सांभाळा. हॉस्टेलचं सगळं ट्रॅफिक एकाच पत्त्यावरून बाहेर जात असेल तर शंभर पोरं ऐकत असली तरी "वेगळे श्रोते" या खात्यात एकच दिसतो, आणि उलट काही बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) येऊन कनेक्ट होतात ते श्रोते म्हणून मोजले जातात. मी तरी महिन्याचे एकूण ऐकलेले तास घेतो आणि त्यांना प्रक्षेपणाच्या तासांनी भागतो, म्हणजे एका वेळी सरासरी किती जण होते ते निघतं. आकडा छोटा येतो पण खरा असतो.

आणि गाण्यांचे हक्क! एफएमवर वाजवायची परवानगी आहे म्हणजे इंटरनेटवर आहे असं नाही, आणि पॉडकास्ट म्हणून डाऊनलोडला ठेवायची तर अजून वेगळी. सुरुवात बोलण्याच्या कार्यक्रमांनी आणि कॉलेजमध्येच गाणाऱ्या वाजवणाऱ्यांच्या रेकॉर्डिंगने करा, त्यांची लेखी परवानगी घेऊन ठेवा.

डायपोल_काका

बफरिंग, स्ट्रीम कराच, माझा विरोध नाही. पण एफएम बंद करा म्हणू नका. वरती ताईंनी जे श्रोते सांगितले त्यातला एकही लिंक उघडून ऐकणार नाही. शिवाय एफएमला श्रोता एक असो की हजार, खर्च तेवढाच, आणि वादळात नेटवर्क गेलं की सेलवरचा रेडिओ आणि जनरेटरवरचा ट्रान्समीटर एवढंच उरतं. स्ट्रीम एफएमच्या बराच मागे चालतो हे पण लक्षात ठेवा, कधी कधी अर्धा मिनिट. फोन करा आणि पहिल्या उत्तराला बक्षीस असा कार्यक्रम ठेवला तर स्ट्रीमवाला दर वेळी हरतो आणि चिडतो.

बफरिंग_चालू_आहे

हा मुद्दा मान्य काका, वादळाचं माझ्या डोक्यात नव्हतं. बंद करा हा शब्द मागे घेतो. पण मुलांसाठी स्ट्रीम लागेलच.

जुनी_निवेदिका

सगळ्यांचं वाचलं, छान चर्चा चाललीय. मला वाटतं खरं दुखणं अजून कोणी बोललंच नाही, ते आहे सुट्टी.

कॅम्पस रेडिओला श्रोता मिळत नाही असं नसतं, मिळालेला श्रोता आपण दर सहा महिन्यांनी स्वतःच्या हाताने घालवतो. परीक्षा आली की कार्यक्रम कमी, मग सुट्टी, मग सेटवर नुसती सूं सूं. माणसाने दोन दिवस रेडिओ लावला आणि आवाज आला नाही की तिसऱ्या दिवशी तो लावत नाही, आणि परत चालू झालंय हे त्याला सांगायला आपण कुठे जाणार? रेडिओ ही सवयीची गोष्ट आहे. ठरलेल्या वेळेला ठरलेला आवाज. आमच्याकडे एक निवेदक रोज सकाळी त्याच वेळेला फक्त दहा मिनिटं बोलायचा, आज कुठला वर्ग कुठे हलवलाय, कोणाची चावी सापडलीय, लायब्ररी किती वाजेपर्यंत, पाणी कधी येणार नाही. त्यात कला वगैरे काही नव्हती. पण तो एक दिवस आला नाही की लोक स्टुडिओत येऊन विचारायचे. बाकीचे आमचे मेहनतीने केलेले एक एक तासाचे कार्यक्रम कोणी विचारले नाहीत हो, हे मी मान्य करते आणि ते सोपं नव्हतं.

म्हणून सात तासांचा हट्ट सोडा. रोज दोनच तास ताजे करा, पण वर्षभर, सुट्टीतसुद्धा. उरलेल्या वेळेला ऑटोमेशन लावा, फुकट सॉफ्टवेअर आहेत, जुने चांगले कार्यक्रम परत लावा, ज्याने पहिल्यांदा ऐकलं नाही त्याला ते नवीनच असतात. सुट्टीत मुलं नसतील तर कर्मचारी आणि क्वार्टर्समधली माणसं असतातच की, ऐकतंय_कोण ताईंनी सांगितलेलीच, त्यांना चाव्या द्या.

आणि टीम. दरवर्षी जाणाऱ्याबरोबर सगळं ज्ञान जातं. कुठल्या अधिकाऱ्याला भेटायचं, कुठली केबल हलवायची नाही, कुठले काका दर गुरुवारी फोन करतात. आम्ही एक जाड वही ठेवली होती, ड्युटीवरच्याने रोज त्यात लिहायचं, कोणाचा फोन आला, काय म्हणाले, कुठे चूक झाली. नवीन मुलांना पहिला आठवडा माइक द्यायचा नाही, फक्त वही वाचायची. त्यातून ऐकणारी माणसं खरी आहेत हे त्यांना कळायचं.

अजून एक आठवलं. न्यू जर्सीतलं डब्ल्यूएफएमयू स्टेशन एका कॉलेजचं होतं, उप्साला कॉलेज. ते कॉलेज १९९५ मध्ये बंद पडलं आणि स्टेशन आजही चालू आहे, श्रोत्यांच्या वर्गणीवर. ते काही लो पॉवर नाही, तुलना तशी चुकीची आहे, पण कॉलेज नसताना रेडिओ जगला तो कॉलेजबाहेर त्याला आपलं म्हणणारी माणसं होती म्हणून. मला हे नेहमी फार मोठं वाटत आलंय.

स्टुडिओ_दोन

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहितोय, आधी सगळ्यांचे मनापासून आभार. प्रस्ताव मागे घेतला.

डायपोल काका, केबल आरजी-५८च निघाली. २८ मीटर. आणि वरचा कनेक्टर उघडला तर तुम्ही म्हणालात तसाच, आतून हिरवा. आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सरांनी मीटर आणला, एसडब्ल्यूआर २.८ आला. कनेक्टर बदलून १.४ वर आलाय आणि जाड केबलची ऑर्डर गेलीय, फंडातला थोडासाच भाग लागला. स्टीरिओ त्याच दिवशी बंद केला. मागच्या हॉस्टेलला आता पहिल्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतं, तळमजल्याच्या आतल्या खोल्यांत अजून नाही. संगीतवाली पोरं दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती, मग त्यांना हॉस्टेलच्या जिन्यात नेऊन आधी स्टीरिओ आणि मग मोनो ऐकवलं, तेव्हा पटलं.

आम्ही फिरलोसुद्धा, तीन संध्याकाळ, ती मुलगी आणि अजून दोघं. ऐकतंय_कोण ताई, पंप हाऊसमध्ये एक काका भेटले, त्यांच्याकडे जुना ट्रान्झिस्टर आहे, आमचं स्टेशन चालू झालं त्या दिवसापासून ऐकतायत. त्यांना आमच्या सगळ्या निवेदकांचे आवाज ओळखू येतात, नावं घेऊन बोलले, आणि त्या मुलीला म्हणाले तू मागच्या मंगळवारी सर्दीत बोलत होतीस, आता बरं वाटतंय का. ती काही बोललीच नाही, तिथेच पायरीवर बसली. परत येताना मला म्हणाली की मंगळवारचा कार्यक्रम मी परीक्षेतसुद्धा बंद करणार नाही.

सकाळची दहा मिनिटं सुरू केलीत, हरवलं-सापडलं आणि सूचना. वही पण सुरू केली. स्ट्रीमचं काम अडलंय, फायरवॉलसाठी अर्ज दिलाय आणि उत्तर नाही, बफरिंग दादा त्यावर काही युक्ती असेल तर सांगा. आणि एक विचारायचं होतं, पंप हाऊसच्या काकांना स्वतःचा कार्यक्रम करायचाय, जुन्या विहिरी आणि पाण्याच्या लाइनींवर, त्यांना सगळ्या तोंडपाठ आहेत. पण ते म्हणतात माइक समोर आला की माझं तोंड बंद होतं. कसं करू?

ऐकतंय_कोण

त्यांना स्टुडिओत आणूच नका. रेकॉर्डर घेऊन तुम्ही पंप हाऊसमध्ये जा, ते पंप चालू करत असताना बाजूला उभे राहा आणि विचारा, हा आवाज कसला येतोय काका? मशीनचा आवाज मागे राहू दे, काढून टाकू नका. आणि त्या मुलीला पाठवा, तिचा आवाज त्यांना ओळखीचा आहे.

बफरिंग_चालू_आहे

फायरवॉलसाठी अर्जात "पोर्ट उघडा" असं लिहू नका, ते नाहीच म्हणणार. स्ट्रीम कॉलेजबाहेरच्या सर्व्हरवर ठेवा, स्टुडिओतून तिथपर्यंत एकच कनेक्शन बाहेर जाऊ द्यायला सांगा आणि ऐकणारे ४४३ वरून येतील, म्हणजे त्यांच्या बाजूने आत काहीच उघडावं लागत नाही. अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, मेसेज करा, आज रात्री पाठवतो. आणि काकांचा विहिरींचा कार्यक्रम झाला की लिंक इथे टाका.